आर्जियाचं लाटणं

१

भिंतीवर दोन पितळी खुंट्या होत्या आणि त्यांच्यावर काहीच नव्हतं.

खाणावळीचे मालक इव्होकाका हात वर करून तिकडे दाखवत होते. "हे बघ, पोरी, तुझी आई..." एवढं बोलताच त्यांची नजर भिंतीवर गेली. हात हवेत तसाच राहिला. माझ्यामागे दारात माझा नवरा तुल्लिओ छत्री झटकत होता, तोही थांबला.

"अकरा वाजता होतं," काका म्हणाले. "घड्याळाला किल्ली दिली तेव्हा माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

त्याच घड्याळात आता बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

बोलोन्यातल्या या खाणावळीत माझ्या आईने, आर्जियाने, एकतीस वर्षं पास्त्याच्या पोळ्या लाटल्या. तिचं लाटणं चेरीच्या लाकडाचं, हातभराहून बरंच लांब, दोन्ही टोकांना मुठी नसलेलं. मी सहा वर्षांची असताना ते माझ्या हातून दगडी मोरीवर पडलं आणि मधोमध बोटभर लांबीची चीर गेली. आईने मला मारलं नाही. लाटणंही टाकलं नाही. त्यानंतर मात्र तिने मला कधी त्याला हात लावू दिला नाही.

फेब्रुवारीत ती गेली. दफनाच्या दिवशी काका म्हणाले, "काही महिने आमच्या भिंतीवर राहू दे, लोरेदाना. ऑक्टोबरात ये, जेव, घेऊन जा." तिचे कपडे मी वाटून टाकले होते, घर रिकामं करून दिलं होतं. मला तेवढं एक लाटणं हवं होतं.

तुल्लिओला शहर हवं होतं. वीस वर्षांच्या संसारात दर वेळी बोलोन्यात येऊन त्याने फक्त सासूचं स्वयंपाकघर पाहिलं होतं. या खेपेला त्याने यादीच केली होती: बुरूज, टेकडीवरचं सान लूकाचं देऊळ, चौकातल्या बोलक्या कमानी आणि त्यांच्या अधेमधे पाच जेवणं. रविवारी चारच्या गाडीने त्रिएस्तेला परत.

"म्हणजे अठ्ठावीस तास," तो माझ्या कानाशी म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. "लोरे, आपण शोधायचं?"

खरं सांगायचं तर आठ महिन्यांत पहिल्यांदाच माझंही काळीज जोरात धडधडत होतं.

२

अकरा ते बारा या वेळात खाणावळीत काकांखेरीज तिघीजणी येऊन-जाऊन होत्या. त्यांची सून पात्रित्सिया, वाढपाचं काम करणारी मार्तिना आणि आईच्या हाताखाली शिकलेली, आता तिच्या जागी लाटणारी देआन्ना.

"पात्रित्सियाच असणार," काका कुजबुजले. "तिला त्या भिंतीवर टीव्ही लावायचाय."

पात्रित्सिया आधी मिलानच्या एका हॉटेलात स्वागताला बसायची. लग्नानंतर खाणावळीचा सगळा कारभार तिने हातात घेतला होता. ती आमच्यासमोर हाताची घडी घालून उभी राहिली.

"टीव्ही लावायचा असता तर मी उघड लावला असता. मी कुणाला घाबरते का? आणि ते लाटणं इतकं देखणं केलं कुणी? मी! फेब्रुवारीत काढलं तेव्हा त्यावर पिठाचा नुसता राप चढलेला होता. गरम पाण्यात साबण घालून खसाखसा घासलं, उन्हात वाळवलं, वर व्हार्निशचे दोन हात दिले."

 लाटण्याला पाणी! आई ते कोरड्या फडक्याने पुसायची, तेही हलक्या हाताने.

"कुठलं व्हार्निश?" तुल्लिओने विचारलं. तो जुन्या लाकडी होड्या दुरुस्त करतो, त्यामुळे असा प्रश्न त्याला पडणारच.

"साधंच, दुकानातलं. पण काम कसं झालं विचारा! रेशमी फडकं या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, कुठे अडकलं म्हणून नाही. काचेसारखं." मग तिचा आवाज खाली आला. "तुम्ही त्या मार्तिनाला विचारा. अकरा वाजता न सांगता बाहेर पडली, पावणेबाराला धापा टाकत आली."

देआन्ना मागच्या खोलीत होती. बुटकी, रुंद खांद्यांची, दंडापर्यंत पीठ. मला पाहताच तिने फडक्याला हात पुसले आणि मिठी मारली. तुल्लिओच्या हातातली छत्री पाहून ती हसली.

"अरे त्रिएस्तेकर! या शहरात पावलोपावली छतं आहेत, कमानींखालून चालायचं सोडून छत्री काय घेऊन फिरतोस? आर्जिया असती तर दारातच उभा केला असता तुला."

"तिने मला सतरा वर्षं दारातच उभं केलं होतं," तुल्लिओ म्हणाला. "शेवटची तीन वर्षं तेवढी खुर्ची मिळाली."

देआन्ना मोठ्याने हसली, पण हसू लवकर विझलं. "मी सातपासून इथे लाटत होते, लोरे. साडेदहाला शेवटची पोळी कापडावर टाकली. बाहेरचं मला काही माहीत नाही."

तिची फळी स्वच्छ पुसलेली होती. खिडकीशी पांढऱ्या कापडावर शेवटची पोळी वाळत होती, टेबलाएवढी, पिवळीधमक. मी सवयीने तिची कड उचलून उजेडाकडे धरली. आमच्याकडे म्हणतात, पोळीतून सान लूकाचं देऊळ दिसलं पाहिजे. देऊळ नाही, पण खिडकीचे गज दिसले आणि गजांवरून आडवी गेलेली एक बारीक रेघ. कापडाची सुरकुती असेल असं मला वाटलं.

"ठेव ते," देआन्ना घाईने म्हणाली. "फाटेल."

३

मार्तिना तत्त्वज्ञान शिकत होती, दक्षिणेकडून आली होती आणि बोलताना तिचे हात थांबत नसत. ती आपल्या कपाटाशी उभी होती; दारावर आतून कॅलेंडर चिकटवलेलं होतं.

"मी बुरुजावर गेले होते, सिन्योरा. बारीहून मावसबहीण आलीय, तिला दाखवायला. चारशे अठ्ठ्याण्णव पायऱ्या! म्हणून तर धाप लागली होती."

"लाटणं शेवटचं कधी पाहिलंस?"

"निघताना. भिंतीवर होतं, अगदी लखलखत. आम्ही त्याच्यात बघून केस नीट करतो." ती ओशाळली. "माफ करा. तुमच्या आईचं..."

"तिला आवडलं असतं," मी म्हणाले. ते खरं नव्हतं.

जेवण करून आम्ही बाहेर पडलो. पाऊस थांबला होता, लाल भिंती धुऊन निघाल्या होत्या आणि शनिवारची गर्दी कमानींखालून वाहत होती. यादीप्रमाणे आधी बुरूज. तेव्हा तो चढायला खुला होता. तुल्लिओ लाकडी जिना मोजत वर निघाला, मी मागे. दोनशेच्या पुढे आमच्यात बोलायला दम उरला नाही. माथ्यावर पोचल्यावर सगळं शहर पायाखाली आलं. विटकरी कौलं, मधूनमधून घंटाघरं आणि दूर टेकडीवर सान लूका.

"तू लहानपणी किती वेळा आलीस इथे?"

"लहानपणी खूपदा. मग कॉलेजात गेल्यावर पाच वर्षं एकदाही नाही."

"का?"

"इथला कुठलाच विद्यार्थी चढत नाही. पदवीआधी जो बुरूज चढतो त्याला पदवी मिळत नाही म्हणतात. माझ्या वर्गात देव न मानणारे होते, काही न मानणारे होते, पण बुरुजाच्या दाराशी सगळे..."

मी कठड्याला धरून थांबले. मार्तिनाच्या कपाटावरच्या कॅलेंडरात मी स्वतः पाहिलं होतं: एका तारखेभोवती लाल गोल, आणि बाजूला 'पदवी!' पुढचाच महिना.

"ती खोटं बोलली," मी म्हणाले.

तुल्लिओ माझ्याआधी जिना उतरू लागला.

मार्तिना आम्हाला खाणावळीच्या दारातच भेटली. मी एवढंच विचारलं, "पदवीला एक महिना राहिलाय आणि तू बुरूज चढलीस?"

तिचा चेहरा पडला. मग ती रडायलाच लागली.

"बहीण वर गेली. मी खालीच होते, फोनवर. तोरीनोत खोली मिळतेय, तिथे नोकरीही आहे. मी जाणार हे सिन्योर इव्होंना कसं सांगू? मागची मुलगी गेली तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत ते. आणि धाप लागली ती धावत आले म्हणून. लाटण्याला मी हात लावला नाही, पदवीची शपथ!"

त्या शपथेवर मी विश्वास ठेवला. बोलोन्यात ती खोटी घेत नाहीत.

"गेली एक," तुल्लिओ म्हणाला. "उरल्या दोघी."

४

रात्रीचं जेवण आम्ही मुद्दाम दुसरीकडे घेतलं, बाजारामागच्या गल्लीत. मोर्तादेल्ला या डुकराच्या सॉसेजचे गुलाबी तुकडे, लाल दारू आणि मग खिम्याच्या रश्श्यातल्या तालियातेल्ले, म्हणजे पोळीच्याच कापलेल्या पट्ट्या. तुल्लिओ जेवता जेवता पात्रित्सियाला दोषी ठरवत होता.

"तिने ते घासलं, बिघडवलं, तू बघशील म्हणून घाबरली आणि लपवलं. सरळ आहे."

"घाबरली असती तर दोन हात व्हार्निश दिल्याचं अभिमानाने सांगितलं असतं का? तिला आपली चूक आजही ठाऊक नाही."

मी काट्याने पट्ट्या उलटसुलट करत होते. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"काय शोधतेस?" त्याने विचारलं.

"रेघ." मी हसले. "लहानपणीची सवय. आईच्या लाटण्याला चीर होती ना, पोळीवर तिची उठावदार रेघ उमटायची, केसासारखी. कापल्यावर एखाद्या पट्टीवर यायची. ज्याच्या ताटात ती पट्टी, त्याला त्या दिवशी भांडी घासायची सुटी. बाबा आणि मी ताटात नाक खुपसून..."

माझ्या हातातला काटा ताटलीवर वाजला. शेजारच्या टेबलावरच्या बाईने वळून पाहिलं.

"तुल्लिओ, आज दुपारी देआन्नाच्या पोळीत रेघ होती. उजेडात धरली तेव्हा. मला कापडाची सुरकुती वाटली."

तो चावायचा थांबला.

"ती पोळी आज सकाळी लाटलेली," मी म्हणाले. आता शब्द माझ्यापुढे धावत होते. "सातपासून साडेदहापर्यंत. म्हणजे त्या वेळी आईचं लाटणं फळीवर होतं. पण अकरा वाजता काकांनी भिंतीवर लाटणं पाहिलं, मार्तिनानेही. लखलखणारं. व्हार्निश लावलेल्या लाटण्याने पोळी लाटता येत नाही, पीठ चिकटतं, वास लागतो."

"म्हणजे लाटणी दोन."

"आणि पात्रित्सियाचं रेशमी फडकं! बोटभर चिरेत रेशीम अडकायलाच हवं होतं. कुठेच अडकलं नाही. तिने घासलं ते आईचं नव्हतंच. फेब्रुवारीपासून भिंतीवर दुसरंच लाटणं होतं."

तुल्लिओने हळूच ग्लास खाली ठेवला. "मला दुपारी एक गोष्ट खटकली होती, पण मी म्हटलं, आपल्याला काय कळतंय. त्या लाटणाऱ्या बाईच्या खोलीत सगळं होतं. पीठ, अंडी, फळी, सुऱ्या. लाटणं कुठे होतं?"

 मग दोघांनीही एकदमच बिल मागितलं.

मला कोण ते कळलं होतं. का ते कळत नव्हतं. देआन्नाला खोलीत कोंडून, डोळ्यांत डोळे घालून विचारायची माझी हिंमत नव्हती. आईच्या शवपेटीला खांदा देणारी ती एकटी बाई होती. मग तुल्लिओच्या यादीकडे लक्ष गेलं आणि मी तिला फोन केला.

"देआन्ना, उद्या सकाळी सहाला चौकात ये. कमानींखाली."



"कुठल्या कोपऱ्यात?" तिने विचारलं.

५

चौकातल्या जुन्या राजवाड्याखाली दोन रस्ते एकमेकांना छेदतात आणि वर घुमट आहे. एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून कुजबुजलं की समोरच्या कोपऱ्यात जसंच्या तसं ऐकू येतं. मध्ये उभ्या असलेल्याला काही कळत नाही. फार पूर्वी महारोगी माणसं इथूनच धर्मगुरूला कबुली देत, असं आम्ही लहानपणी ऐकायचो. आता प्रेमिक येतात. समोरासमोर बोलता येत नाही ते आमच्या गावची माणसं इथे बोलतात.

रविवारची सकाळ, चौक ओला आणि रिकामा. देआन्ना आधीच आली होती. पाठमोरी, तोंड कोपऱ्यात, काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. मी समोरच्या कोपऱ्यात गेले. दगडाचा गारवा कपाळाला लागला.

"बोल," मी भिंतीला म्हणाले.

"दफनानंतरचा दिवस होता." तिचा आवाज थेट माझ्या कानात आला, जणू ती खांद्याला खांदा लावून उभी होती. "पात्रित्सियाने पाणी तापत ठेवलं होतं. बादलीत साबण. म्हणाली, आर्जियाचं लाटणं आण, चकाचक करते. मी म्हटलं, पाणी नको. ती म्हणाली, देआन्ना, अडाणीपणा पुरे. मी आत गेले आणि..."

भिंतीतून कापडाची सळसळ ऐकू आली. 

"...आणि माझं आणून दिलं. दोन्ही एकाच सुताराकडची, तुझ्या आईनेच करून घेतलेली. पात्रित्सियाला काय कळतंय? तिने माझं बुडवलं. मी बघत होते, लोरे. बावीस वर्षांचं लाटणं होतं ते माझं."

 

"मग काकांना का नाही सांगितलंस?"

"ते रोज गिऱ्हाइकांना भिंत दाखवायचे. डोळे पुसायचे. आज सांगू, उद्या सांगू... आणि मला लाटायला दुसरं होतं कुठे? आर्जियाचं घेतलं. पहिल्या दिवशी पोळीवर तिची रेघ आली नि मी तिथेच खाली बसले. मग सवय झाली. मग सोडवेना. हे खरं तेच सांगते, मला सोडवेना."

"आणि काल?"

"काल तू येणार. तू बघताक्षणी ओळखलं असतंस. नसतं ओळखलंस तर आणखी वाईट. खोटं लाटणं आईचं म्हणून छातीशी धरून गेली असतीस. तुझ्या हातात खोटं द्यायला माझा हात होईना, आणि खरं द्यायलाही होईना. म्हणून ते खुंटीवरून काढलं आणि पिठाच्या पोत्यांमागे ठेवलं. वाटलं, रिकाम्या हाताने जाईल, पण खोटं घेऊन तरी जाणार नाही."

घुमटात कबुतर फडफडलं. मी मान वळवली तर मध्ये उभा असलेला तुल्लिओ एकदा तिच्या पाठीकडे, एकदा माझ्या पाठीकडे पाहत होता.

"तू चिडलीयस का?" देआन्नाने विचारलं.

मी वळले आणि मधलं अंतर चालून गेले.

६

तिने कापड सोडलं. दोन्ही आणली होती. एक लखलखीत, एक काळपट. काळपट लाटण्यावर दोन जागी तळहातांनी लाकूड किंचित खोल गेलेलं होतं. मी चिरेवरून बोट फिरवलं. एकोणचाळीस वर्षांनी हात लावत होते.

"घेऊन जा," देआन्ना म्हणाली. "तुझंच आहे."

"आज दुपारी किती पानं जेवायला आहेत?"

"साठ. रविवार ना."

"मग कशाने लाटशील?"

 तुल्लिओने लखलखीत लाटणं उचललं, नखाने व्हार्निश खरवडलं, वास घेतला आणि जिभेचं टोकही लावलं.

"शी!" देआन्ना म्हणाली. "हे काय करतोस?"

"दोनच हात आहेत. होड्यांना मी सात देतो आणि सातही उतरवतो. काचेच्या तुकड्याने हळूहळू खरवडायचं. पाण्याने लाकडाचे तंतू उठलेत, ते बसवावे लागतील. लाकूड मेलेलं नाही." त्याने वर पाहिलं. "तुमचा नाताळचा, सारण भरलेल्या तोर्तेल्लिनींचा धंदा कधी सुरू होतो?"

"आठ डिसेंबरला."

"सातला हे तुमच्या फळीवर असेल. पीठ लावायला तयार."

"आणि तेव्हा," मी म्हणाले, "आईचं मला दे. तोवर तूच लाट."

देआन्नाने दोन्ही हातांनी तुल्लिओचं तोंड धरलं आणि दोन्ही गालांवर मुके घेतले. सतरा वर्षं दारात उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

दुपारी आम्ही काकांना सगळं सांगितलं. ते खुर्चीत मागे रेलून हसत सुटले, हसताना रडायला लागले.

"आठ महिने! आठ महिने मी देआन्नाच्या लाटण्याला गुड मॉर्निंग म्हणत होतो! आणि ती दहा पावलांवर आर्जियाचं लाटणं हातात घेऊन ऐकत होती!"

"मला कुणी सांगितलं का पाणी चालत नाही म्हणून?" पात्रित्सिया म्हणाली.

"मी सांगितलं होतं," देआन्ना म्हणाली.

"ओरडून सांगायचं!"

ती धांदल पाहून मार्तिनाने तोरीनोची बातमी तेवढ्यात सांगून टाकली. काका म्हणाले, त्याचं उद्या बघू, आज एकच दुःख पुरे. चारच्या गाडीत तुल्लिओ दुसऱ्याचं लाटणं मांडीवर घेऊन बसला होता. सान लूका पाहायचं राहिलंच होतं. यादीत त्याने त्यापुढे 'डिसेंबर' लिहिलं.

सात डिसेंबरला आम्ही परत गेलो. देआन्नाने आपलं लाटणं दोन्ही हातांत तोललं, गालाला लावलं, मग फळीवरून एकदा फिरवलं आणि मान हलवली. माझं तिने जुन्या चादरीत गुंडाळून दिलं. खुंट्या अजून आहेत. काका त्यांच्यावर आपली टोपी ठेवतात.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्रिएस्तेत आमच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा पोळी लाटली. पहिली फाटली. दुसरी एका बाजूला जाड झाली, पण गोल होती. कापली, उकळली, रश्श्यात घातली. तुल्लिओ ताटलीवर वाकून बसला होता. खात नव्हता, शोधत होता. 

मग त्याने एक पट्टी काट्यावर उचलून दिव्याकडे धरली. त्याच्या तोंडभर हसू पसरलं.

"भांडी तू," तो म्हणाला.

मी सगळी भांडी घासली. लाटणं सोडून.